मागचे दोन स्पीकर

बायकोच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला मी तिच्या मैत्रिणीचा आवाज पुसून टाकला आणि वर स्वतःच्या हाताने पेढे वाटले. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही आणि इतरांचं करण्यासारखं पुष्कळ आहे. आम्हा सदाशिव पेठेतल्या लोकांना दुसऱ्याची चूक दाखवायला दोन सेकंद लागतात आणि आभार मानायला दोन पिढ्या. मला आता तेवढा वेळ नाही. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.

मी शरच्चंद्र गोगटे. छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांवर लाल शाई मारायची आणि त्याचा पगार घ्यायचा. निवृत्त झालो तरी हात थांबलेला नाही. घरी लग्नपत्रिका आली की मी आधी त्यातल्या चुका वाचतो, मग नवरा-नवरीची नावं. हेमा, माझी बायको, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर राधा मराठे. एकतीस वर्षं दोघी शेजारी बसून अख्ख्या गावाचे फोन जोडत होत्या, आणि ड्यूटी संपली की घरी येऊन एकमेकींना फोन करत होत्या. काय बोलायच्या देव जाणे. मी विचारलं तर हेमा म्हणायची, "तुम्हाला नाही कळायचं, लाइन वेगळी आहे."

निवृत्तीनंतर एक्स्चेंजमधल्या पाच जणींनी मिळून श्रुतिका करायला सुरुवात केली. पूर्वी रेडिओवर व्हायच्या तशा, नुसत्या आवाजाच्या नाटिका. पाच खुर्च्या, पाच माइक, हातात कागद. लिहायची राधा. मी एकदा तिच्या संहितेवर लाल पेन चालवून परत दिली, तर बाई म्हणाल्या, "शरदराव, आम्ही हे बोलणार आहोत, छापणार नाही." मी पेनाला टोपण लावलं.

चार वर्षांपूर्वी हेमाचे डोळे गेले. अगदी पूर्ण अंधार नाही, पण नजरेच्या मधोमध काही उरलं नाही. इंजेक्शनं झाली, तपासण्या झाल्या. आता तिला कडेकडेचं धूसर दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा, ताटातली भाजी, कागदावरची ओळ, यांतलं काही दिसत नाही. ती म्हणाली, मी मंडळ सोडते, कागदच दिसत नाही तर वाचू काय? राधा म्हणाली, "तू पाठ कर. मी मागे बसते." तेव्हापासून हेमाच्या खुर्चीमागे एक स्टूल असायचं. राधा मांडीवर कागद घेऊन त्यावर बसायची आणि प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द हेमाच्या कानात सोडायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांची श्रुतिका झाली. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पाच बायकांची गोष्ट. राधाचा भाचा गंधार ध्वनिमुद्रणाची कामं करतो, हडपसरला राहतो. त्याने कॅमेराही लावला आणि मन लावून रेकॉर्डिंग केलं. त्याची कल्पना अशी की ऐकणाऱ्याला प्रेक्षकात नव्हे, हेमाच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटायला हवं. म्हणून समोर माइक, बाजूला माइक आणि खुर्चीच्या मागेही दोन माइक. असा आवाज सहा भागांत साठवतात. घरी पाच स्पीकर आणि तो ढुमढुम करणारा डबा असला की प्रत्येक आवाज आपापल्या जागेवरून येतो. समोरचा समोरून, मागचा मागून.

राधा गेल्या मार्गशीर्षात गेली. सकाळी हेमाशी फोनवर बोलली आणि दुपारी तिच्या सुनेचा फोन आला.

हेमाने ते रेकॉर्डिंग कधी ऐकलंच नव्हतं. ती फाइल कॉम्प्युटरवर चालायची, आणि कॉम्प्युटर काय, मोबाइल काय, सगळीकडे नुसती गुळगुळीत काच. न दिसणाऱ्या माणसाने बोट ठेवायचं कुठे? हेमाला एकटीला चालवता येतं असं घरात एकच यंत्र आहे, आमचा जुना डीव्हीडी प्लेअर. त्याला हाताला लागणारी उंच बटणं आहेत. तबकडी घालायची, दाबायचं, ऐकायचं. कोणाला हाक मारायला नको. तेव्हा मी ठरवलं की वाढदिवसाला तिला त्या कार्यक्रमाची डीव्हीडी करून द्यायची. गंधारने फाइल पेन ड्राइव्हवर घालून आणून दिली आणि म्हणाला, "काका, सावकाश करा, घाई नाही."

कोऱ्या डीव्हीडी शोधत अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डीव्हीडी? आजोबा, वस्तुसंग्रहालय पुढे आहे." मी म्हणालो, "ठाऊक आहे, तिथूनच येतोय. त्यांनी तुमचा पत्ता दिला." मग मात्र त्याने माळ्यावरून एक धूळ खाल्लेला डबा काढून दिला आणि चहाही विचारला. असो.

महिनाभर मी त्या कामाच्या मागे होतो. फाइल अकरा जीबीची, तबकडीत मावणार चार आणि वर थोडंसं. शिवाय फाइलमधलं चित्र नव्या जातीचं आणि प्लेअर जुन्या जातीचा, त्यामुळे चित्र पुन्हा जुन्या पद्धतीत उतरवून घ्यावं लागतं. इंटरनेटवर फुकट मिळणारी साधनं घेतली, चार तबकड्या वाया घालवल्या, पाचवी जमली. पण आवाजाशी आलो तेव्हा डोकं भडकलं. कानाला हेडफोन लावून ऐकतो तर हेमाने वाक्य म्हणायच्या आधी कोणीतरी तेच वाक्य कुजबुजतंय. प्रत्येक वेळी! हेडफोनमध्ये सहाही आवाज दोन कानांत कोंबलेले, त्यामुळे ती कुजबूज थेट हेमाच्या बोलण्यावर चढलेली. छत्तीस वर्षांची सवय हो. चूक दिसली की हात शिवशिवतात. पुढचं ऐकत न बसता शोधून काढलं की कुजबूज मागच्या दोन माइकची आहे. ते दोन्ही बंद केले, उरलेल्या चारांचे दोन केले. झालं! आरशासारखं स्वच्छ. मी स्वतःवर इतका खूश झालो की स्वतःसाठी दुसरा चहा केला.

आणि मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे आवराआवर केली. कॉम्प्युटरवरची मूळ फाइल पुसली, कचऱ्याची पेटीही रिकामी केली. काम झालं की टेबल मोकळं हवं. पेन ड्राइव्ह परत द्यायचा होता. आता आमच्या घरी दुसऱ्याचा डबा कधी तसाच परत जात नाही, घासूनपुसून जातो. मी तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, कोरा करकरीत केला आणि लिफाफ्यात घालून गंधारला पोचवला. मनात म्हटलं, पोरगं म्हणेल, काय टापटीप माणूस आहे!

वाढदिवसाला मंडळातल्या उरलेल्या तिघी आल्या. पेढे झाले, खाणं झालं. मी हेमाच्या हातात तबकडी दिली, तिने स्वतः लावली. दहा मिनिटं झाली असतील. मी तिच्याकडे बघत होतो, कारण मला तिचा आनंद बघायचा होता. ती मान सारखी मागे वळवत होती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग म्हणाली, "अहो, राधा कुठे आहे?"

"म्हणजे?"

"तिचा आवाज येत नाहीये."

"ती कुजबूज होय? काढून टाकली मी ती. बघ आता किती स्वच्छ ऐकू येतंय."

तिघी बायका एकदम आपापल्या बशीत बघायला लागल्या. हेमा म्हणाली, "हो. स्वच्छ आहे." आणि शेवटपर्यंत बसून राहिली. वर "छान केलंत हो, किती खपलात माझ्यासाठी," असंही म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

सगळ्या गेल्यावर ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "तुमच्यावर राग नाही. पण तिचा दुसरा कुठलाच आवाज नाही हो आपल्याकडे. एकतीस वर्षं आम्ही लोकांचे आवाज इकडून तिकडे पोचवले, आमचा कोणी टिपून ठेवला नाही. बाकीच्यांना माणूस गेलं की फोटो तरी असतो. मला फोटोचं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, त्यात काय, गंधारकडे मूळ आहेच, उद्या आणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने हडपसर गाठलं. गंधारने दार उघडलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "काका, माझी हार्ड डिस्क पावसाळ्यातच बंद पडली. बाकी सगळं गेलं. हे एक त्या पेन ड्राइव्हवर होतं म्हणून वाचलं होतं. तुमच्याकडून परत आला की दोन प्रती करून ठेवणार होतो."

"मग?"

"मग काय? आला तेव्हा रिकामा होता. मला वाटलं, तुम्ही फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर हलवली असेल. परवा मी त्याच्यावर एका लग्नाचं रेकॉर्डिंग टाकलं. चार जीबीचं."

मी खुर्चीत बसूनच राहिलो. राधा त्याची सख्खी मावशी. आई लहानपणी गेल्यावर तिनेच त्याला शाळेत घातलं, वाढवलं. मी त्याच्या जागी असतो तर समोरच्या म्हाताऱ्याला उभा-आडवा फाडला असता. तो उठला, पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "कोणी जाणकार असेल तर दाखवा. मी आता त्याला हात लावत नाही." मग मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला आणि बस येईपर्यंत उभा राहिला. एक शब्द लागेलसा बोलला नाही. त्या पोराच्या मोठ्या मनाला मी अजून काय म्हणावं ते शोधतो आहे.

जाणकार होती, पण कुठे? माझ्याच डोक्यावर. वरच्या मजल्यावर अपेक्षा वानखेडे भाड्याने राहतात. अकोल्याच्या, पंचेचाळिशीच्या, कुठल्याशा कंपनीत लोकांची हरवलेली माहिती परत मिळवून देण्याचं काम करतात. आणि आमचं आठ महिने बोलणं नव्हतं. कारण त्यांचे ओले कपडे आमच्या गॅलरीत ठिबकतात, आणि त्यावर मी जे बोललो होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनीही काही कमी ऐकवलं नव्हतं.

बेल वाजवली. दार उघडून त्यांनी आधीच सांगितलं, "पिळून वाळत घातले आहेत."

"कपड्यांसाठी नाही आलो. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण त्यांनी लगेच आत घेतलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण काका, फॉरमॅट काहून केलं?"

"दुसऱ्याची वस्तू घासून परत द्यावी म्हणून."

बाई हसायला लागल्या. पोट धरून हसल्या. मी खाली मान घालून बसलो. मग त्यांनी डोळे पुसत विचारलं, "होतं काय त्याच्यावर?" मी राधाबद्दल सांगितलं, हेमा फोटोबद्दल काय म्हणाली तेही सांगितलं. हसणं थांबलं. हात पुढे आला. "आणा इकडं. तुमच्या कॉम्प्युटरवरचं तर गेलं, ती डिस्क पुसलेलं ठेवत नाही. पण पेन ड्राइव्हवर पुसलेलं लगेच पुसल्या जात नाही. पानं तिथंच राहतात, फक्त अनुक्रमणिका फाडल्या जाते."

एवढं मला छान कळलं. मी विचारलं, "आणि ते लग्न?"

"लग्नानं सुरुवातीची काही पानं खाल्ली असतील. किती खाल्ली ते पाहू."

तो शनिवार होता, त्यांच्या सुट्टीचा दिवस. सकाळी अकराला त्या बसल्या. मी तिथेच खुर्ची टाकून बसलो, तर म्हणाल्या, "काका, तुम्ही बसल्यानं ते लवकर नाही येणार." मी खाली आलो. पुन्हा वर गेलो. हेमाला काही सांगितलं नव्हतं, नुसतीच आशा दाखवायची आणि मग नाही म्हणायचं माझ्याच्याने झालं नसतं. ती आतल्या खोलीत तिघींपैकी कोणाशी तरी फोनवर बोलत होती आणि मी जिन्यात येरझाऱ्या घालत होतो. तीन वाजता वर गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, फाइल सापडली आहे, पण तिला डोकं नाही. सुरुवातच खाल्ली गेल्यामुळे ती उघडत नव्हती. मग त्यांनी गंधारला फोन लावला. त्याच पद्धतीने केलेलं दुसऱ्या एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग त्याने एका गायिकेला पाठवलं होतं, ते तिच्याकडून मागवून आम्हाला पाठवलं. त्याचं डोकं काढून आमच्या धडाला बसवलं. ओळखदेख नसलेल्या त्या गायिकेनेही सुट्टीच्या दिवशी दहा मिनिटांत फाइल पाठवून दिली.

साडेपाचला वरून हाक आली. मी धावत गेलो, म्हणजे माझ्या मानाने धावत. अठ्ठेचाळीस मिनिटं मिळाली होती. पहिली सत्तावीस गेली ती गेलीच. बाईंनी सहापैकी फक्त मागचे दोन आवाज चालू केले आणि माझ्या कानावर हेडफोन ठेवला. "हॅलो, कोण बोलतंय?" राधा कुजबुजली. त्याच्या मागोमाग लांबून हेमाचा आवाज आला. आठ दिवसांपूर्वी ज्या आवाजावर मी लाल शाई मारली होती तोच आवाज, आणि मला तो इतका गोड लागला की मी त्या बाईंच्या पाया पडायचाच बाकी होतो. वयाचा विचार करून नुसतेच हात जोडले. त्या म्हणाल्या, "अहो काका, काय करून राहिले!" पण त्यांचेही डोळे भरले होते.

मी विचारलं, "तुमची सुट्टी गेली. तुम्हाला काय देऊ?"

"ते गॅलरीचं बोलणं बंद करा," त्या म्हणाल्या. मी ते तिथेच बंद केलं. खरं सांगायचं तर आता कपडे ठिबकले की मी सरकून बसतो.

रविवारी सकाळी मी पुन्हा डीव्हीडी करायला बसलो. बाईंनी बजावलं होतं, "आता आवाजाला हात नाही लावायचा. सहाचे सहाच राहू द्या." चित्र जुन्या पद्धतीत उतरवलं, आवाज मात्र सहाच्या सहा भागांत प्लेअरला समजेल असा ठेवला, कमी नाही जास्त नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं तबकडीत आरामात मावली. मग हेमाला बोलावलं, काय झालं ते सगळं सांगितलं, सत्तावीस मिनिटांचंही सांगितलं. तिने तबकडी हातात घेतली. तिने लावली. राधा बोलली.

हेमाने तोंडावर हात ठेवला. पण थोड्या वेळाने तिची मान पुन्हा वळायला लागली. "अहो, ही समोर कशी बसली आहे? ही माझ्या मागे असायची."

मी वानखेडेबाईंना बोलावलं. त्या आल्या, प्लेअर पाहिला, जोडणी पाहिली, मग शोकेसकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आमचा पाच स्पीकरचा संच मी निवृत्तीच्या वेळी हौसेने घेतला होता. पाचही स्पीकर गेली चौदा वर्षं टीव्हीवरच्या फळीवर एका ओळीत, उंचीप्रमाणे मांडलेले होते आणि प्रत्येकावर हेमाने विणलेला पांढरा रुमाल होता. "काका," बाई म्हणाल्या, "मागचे स्पीकर मागं ठेवतात." मी म्हणालो, मागे ठेवले तर पसारा दिसतो. हे बोलताना माझं मलाच ऐकू आलं आणि मी रुमाल उचलायला लागलो.

गंधारला फोन केला. तो लांब वायरी घेऊन तासाभरात हजर झाला. हेमाच्या पायात काही येऊ नये म्हणून त्याने वायर भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून फिरवून नेली. दर हातभर अंतरावर खिळा. मी स्टूल धरून उभा होतो आणि बाई खालून सांगत होत्या, जरा वर, जरा डावीकडे. मग हेमाला सोफ्यावर बसवून मागच्या दोन स्पीकरांची उंची ठरवली, बरोबर माणूस स्टुलावर बसलं की तोंड येईल तेवढी. सगळं झाल्यावर मी म्हटलं, बसा, सगळे मिळून ऐकू. गंधार म्हणाला, "आज तुम्ही ऐका. मावशीचा आवाज मला एवढ्यात नाही झेपणार. पुढच्या रविवारी येतो." तो गेला. बाईही कुकर लावलाय म्हणून वर गेल्या. कुकरची शिट्टी काही ऐकू आली नाही.

मग हेमाने लावलं.

या वेळी मान वळली नाही. राधा मागून दोन शब्द बोलायची आणि हेमा समोरून वाक्य म्हणायची. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की राधा नुसती वाक्यं देत नव्हती. मध्येच म्हणायची, "पाणी उजव्या हाताला आहे." मध्येच, "सगळे हसतायत बरं का, पहिली रांग तर डोलतेय." हेमाला हॉल दिसत नव्हता, तो राधा तिला सांगत होती. मी ज्याला कुजबूज म्हणत होतो ते हे होतं. हेमा डोळे मिटून बसली होती आणि कधी हसत होती, कधी मान हलवत होती. मधेच "हो गं," म्हणाली, मोठ्याने.

शेवटचा प्रवेश आला. हेमा त्यात नोकरीचा शेवटचा दिवस असलेली ऑपरेटर होती. सगळ्या घरी गेल्या आहेत, ती एकटी टेलिफोनच्या बोर्डाशी बसून शेवटचा फोन जोडते. या प्रवेशात राधा गप्प होती, कारण हेमाला तो चोख पाठ होता. अगदी शेवटच्या वाक्याच्या आधी मागून आवाज आला.

"थांब. लगेच बोलू नकोस. तिसऱ्या रांगेत शरदरावांनी चष्मा काढलाय. रडतायत गं. सावरू दे त्यांना, मग बोल."

आणि समोरची हेमा थांबली.

माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण सोफ्यावरच्या हेमाने लगेच बटण दाबलं आणि सगळं शांत झालं.

त्या संध्याकाळी रिक्षातून घरी येताना मी तिला काय म्हणालो होतो ते मला शब्दशः आठवलं. म्हणालो होतो, "बाकी ठीक, पण शेवटच्या वाक्याआधी अडखळलीस. चांगले चार सेकंद. विसरलीस ना?" आणि ही बाई म्हणाली होती, "हो, विसरले." दोन वर्षं तिने ते तसंच ठेवलं. राधानेही एका शब्दाने कधी जाणवू दिलं नाही. त्या चार सेकंदांत दोघी मिळून मला सांभाळत होत्या आणि मी त्यांचे सेकंद मोजत होतो.

"अहो," हेमाने विचारलं, "काय झालं? बोलत का नाही?"

ती माझ्याकडे वळली होती, पण मी तिला दिसत नव्हतो. आणि मी कसा दिसतोय ते सांगायला तिच्या मागे आता कोणी नव्हतं.

"चष्मा काढलाय," मी म्हणालो. "रडतोय."

तिने हात पुढे केला, माझा गुडघा सापडला, त्यावर ठेवला.

"आणि हेमा, आभारी आहे."

"कोणाचा?"

"तुम्हा दोघींचा."

"बरं," ती म्हणाली. "सावरा आधी. मग लावते."

शेवटचं वाक्य आम्ही चहा झाल्यावर ऐकलं.